हिरवी पणती

माझं लग्न एका वाक्यामुळे मोडलं. वाक्य साधं होतं, "मी तुझ्यासोबत सुखी राहीन." साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांसमोर, पाटावर ठेवलेल्या पणतीकडे बघून ते म्हणायचं होतं. मुलानं म्हटलं, पणती हिरवी झाली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं आणि पणती लालभडक झाली. मुलाची आई पेढ्यांचा बॉक्स हातात धरून तशीच उभी राहिली.

मला तो मुलगा आवडत होता. पण पुढच्या सगळ्या आयुष्याची हमी कुठला शुद्धीवरचा माणूस देईल? हे मी समजावून सांगायला गेले, तर तेवढ्यात पणती पुन्हा लाल, कारण आपण बोलतोय ते तरी बरोबर आहे का, असं मला मधेच वाटून गेलं. संशय माझ्या रक्तातच आहे. तो मुलगा पुढे दोनदा लग्न करून दोनदा मोकळा झाला. दोन्ही वेळा पणती हिरवीच होती म्हणे.

लोक विचारतात, मग पणत्या तपासायचीच नोकरी तू कशाला धरलीस? मी म्हणते, ज्याच्यावर आपला संशय आहे त्याच्या जवळ राहिलेलं बरं. मी रसिका गावकर, वचन प्राधिकरणाची तालुक्याची तपासनीस. माझ्याकडे सील, स्क्रू-ड्रायव्हर आणि सही करण्याचा अधिकार आहे.

सरकारी भाषेत तिचं नाव निष्ठादर्शक. आकार पसरट वाटीसारखा आणि टोकाला उजेड, म्हणून लोकांनी पणती म्हणायला सुरुवात केली. तिच्यात दिव्य असं काही नाही. मनात एक असताना ओठांवर दुसरं आणायचं, तर मेंदूला दोन वाक्यं एकाच वेळी सांभाळावी लागतात, एक दाबायचं आणि एक बोलायचं. ह्या कसरतीचा खर्च शरीरावर पडतो. कपाळाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा वेग बदलतो, कंठाचे स्नायू किंचित कापतात, शब्दांच्या मधल्या जागा लांबतात. पणतीतला कॅमेरा आणि कान हा खर्च मोजतात. खर्च दिसला तर लाल, नाही दिसला तर हिरवी. बोललेलं खरं आहे की खोटं, ह्याची पणतीला गंधवार्ता नसते. बोलणाऱ्याचा त्यावर विश्वास आहे का, एवढंच तिला कळतं. तिच्या शोधकर्त्या बाईंनी हे पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. पण पहिलं पान वाचतो कोण?

कायदा झाला. जाहीर आश्वासन द्यायचं तर समोर पणती हवी. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, आता रामराज्य आलं. पुढाऱ्यांची त्रेधा उडालेली बघायला सभांना गर्दी व्हायची. मग हळूहळू एक गंमत माझ्या लक्षात आली. थोडा विचार करणारे, "बघू, प्रयत्न करू, पण अडचणी आहेत" म्हणणारे उमेदवार लाल होऊन घरी बसले. आणि ज्यांच्या डोक्यात शंकेचं एक बीसुद्धा कधी रुजलं नव्हतं, ते हिरवेगार होऊन निवडून आले. चंद्रावर आपल्याच पूर्वजांनी शेती केली होती, असं सांगणारा एक गृहस्थ तर विक्रमी मतांनी आला. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता, त्याला पणती तरी काय करणार? मग शहरांत श्रद्धावर्ग निघाले. तिथं खरं बोलायला शिकवत नसत, आपलं बोलणं आपल्यालाच कसं पटवून घ्यायचं ते शिकवत. खोटं बोलणारे पुढारी गेले आणि खोट्यावर विश्वास असलेले आले. दोघांपैकी कोण बरे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं शहरात चाललं होतं, तोवर मी लांबून हसत होते. मग ते आमच्या सातेरखोलला आलं.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, काळ्या कातळाचं मोठं पठार. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि मे महिन्यात झऱ्यातून परत देतो. विहिरी तळाला गेल्या की अख्खं गाव त्या झऱ्यावर असतं. एका कंपनीला तो सडा डेटा सेंटरसाठी हवा होता. संगणकांचं मोठं गोदाम, ते थंड ठेवायला अहोरात्र पाणी लागतं. राज्यभरच्या पणत्यांच्या नोंदीही अशाच गोदामांत साठवतात, हे मला माहीत होतं. ग्रामसभेची संमती हवी होती आणि ती मिळवून द्यायचा विडा आमचे आमदार दिगंबर कोचरेकर, म्हणजे दिगूभाऊ, ह्यांनी उचलला होता.

पहिल्या सभेत दिगूभाऊ म्हणाले, "सड्यावरचो झरो आटचो नाय!" पणती लाल. घाम पुसून पुन्हा म्हणाले, पुन्हा लाल. लोक हसत घरी गेले. मीही मनातून खूश होते. यंत्र कसंही असो, निदान आमच्या झऱ्याच्या बाजूनं होतं.

पुढच्या महिन्यात कुडाळच्या मेळाव्यात तेच दिगूभाऊ तेच वाक्य बोलले आणि पणती हिरवी झाली. एकदा नाही, भाषणभर.

माझा संशय पेटला. मी ती पणती जप्त केली, सील तपासलं, उघडून बघितली. आत काही बिघाड नव्हता. पुढच्या सभांत दुसरी पणती लावली, तिसरी लावली. हिरवी. मग दिगूभाऊंच्या डॉक्टरवर संशय घेतला, कारण काही गोळ्यांनी नाडी शांत राहते. पण गोळ्यांनी कपाळाचा रंग उतरतो आणि ते पणतीला चटकन कळतं. माझ्या सहकाऱ्यानं त्यांना हात दिला असेल म्हणून त्याला आडून आडून विचारून बघितलं, तर तो बिचारा रडकुंडीला आला. शेवटी एकच शक्यता उरली. दिगूभाऊंना खरंच विश्वास वाटायला लागला असेल. पण मी त्यांना लहानपणापासून ओळखते. ते शाळेत असताना प्रार्थनेला डोळे मिटून बाजूच्याच्या डब्यातला लाडू काढायचे.

उलगडा स्वयंपाकघरात झाला. मी खोबरं वाटत होते. मिक्सर बंद केला तर भिंतीपलीकडून गाऱ्हाण्याचा सूर कानावर आला. शब्द कळत नव्हते, नुसती लय. चढत जाणारी, शेवटी एका जागी टेकणारी आणि मग जमावाचा एकच आवाज. त्यात नवल काही नाही, कारण आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या वडिलांचा, आबांचा. गावाच्या वतीनं रवळनाथाला साकडं घालायचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी गावानं एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी ते "आई"च्या पाठोपाठ येतं.

"आबा, आज कोणाचा गाऱ्हाना?" मी हाक मारली.

"माका काय इचारतंस? मी हय आसंय," माझ्या पाठीमागून आवाज आला. आबा माझ्याच मागे उंबऱ्यावर बसून फणसाचे गरे काढत होते.

मी ओल्या हातानं बाहेरच्या खोलीत गेले. टीव्हीवर दिगूभाऊंचं भाषण चालू होतं. शब्द डेटा सेंटरचे होते, रोजगाराचे होते, झऱ्याचे होते. सूर माझ्या बापाचा होता. तोच ठेका, वाक्याच्या मध्यावर घेतलेला तोच श्वास, शेवटी स्वर खाली सोडायची तीच तऱ्हा. आणि त्यांच्या पुढ्यात पणती हिरवीगार.

"आबा, हो दिगूभाऊ कोणाकडसून शिकलो?"

आबांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "माज्याकडसून. दिगू येत होतो सकाळचो. म्हणालो, देवाचा काम शिकूचा आसा. देवाचा काम शिकूक इलेल्या माणसाक मी नको कसा म्हणू?"

"आनी देवळाच्या छपराचे नवे तांब्याचे पत्रे?"

"ते तेणी भक्तीन दिल्यान." आबा पुन्हा फणसाकडे वळले.

मी बॅगेतून पणती काढली, ओट्यावर ठेवली आणि साध्या आवाजात म्हटलं, "मी आज हत्ती खाल्ला." लाल. मग डोळे मिटून, लहानपणापासून ऐकलेल्या सुरात तेच वाक्य घोळवून म्हटलं. पणती हिरवी झाली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

कारण मला आठवलं. पणती आमच्या बोलीला सरावावी म्हणून पणत्या बनवणाऱ्या कंपनीचे लोक आवाजांचे नमुने गोळा करायला गावात आले होते. त्यांना हवे होते मनापासून बोलणाऱ्या माणसांचे नमुने. गावानं विचार केला, की माणूस मनापासून कुठं बोलतो? देवापुढे. मग काय, जत्रेत माइक लावून अख्खं गाऱ्हाणं भरून नेलं, आबांच्या आवाजासकट आणि गावाच्या "व्हय म्हाराजा"सकट. आबा आठवडाभर छाती काढून फिरत होते. यंत्रानं त्यातून एवढंच उचललं, की हा सूर म्हणजे विश्वास, मग कपाळ काहीही सांगो. पणतीच्या पोटात माझा बाप बसला होता आणि जो त्याच्यासारखा बोलेल त्याला तो होकार देत होता.

मी वरिष्ठांना, साटमसाहेबांना, व्हिडिओवर कळवलं. ते शांतपणे म्हणाले, "गावकरबाई, पणती फसते असं तुम्हाला म्हणायचंय? मग तुमच्यासमोरच्या पणतीकडे बघून म्हणा."

मी म्हटलं. म्हणताना मनात आलं, माझ्या ओट्यावरच्या एका प्रयोगावरून एवढं मोठं विधान करावं का? पणती लाल झाली. साहेब हसले. "ग्रामसभेत पणती ठीक असल्याची सही करायची नसेल तर सांगा. दुसरा माणूस पाठवतो." मी म्हटलं, मीच जाईन.

त्या रात्री आबांशी मी बोलले नाही. ते जेवताना दोनदा माझ्याकडे बघून थांबले. मला एकाच गोष्टीनं ग्रासलं होतं. दिगूभाऊ सूर कशासाठी शिकतोय, हे त्यांना माहीत होतं का? तांब्याचे पत्रे उन्हात चमकतात तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मी पाहिलेला आहे. स्वतःच्या बापावर संशय घ्यायची मला लाज वाटत होती आणि संशय काही जात नव्हता.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. चौथऱ्यावर पणती, पलीकडे दिगूभाऊ, समोर सारं गाव. कंपनीचा माणूस बाटलीतलं पाणी पीत कोपऱ्यात बसला होता. मानकऱ्यांच्या रांगेत, खांबाला टेकून आबा.

दिगूभाऊंनी हात जोडले आणि सूर लावला. "बा देवा रवळनाथा, तुका साक्ष ठेवून सांगतंय, सड्यावर कंपनी येतली, पोराटोरांक काम गावतला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप घुमला.

"आनी झऱ्याचो एक थेंब कमी व्हवचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पणती हिरवी. सरपंच हात वर करायला सांगणार, तेवढ्यात मी उठले. ठरावाआधी पणतीची चाचणी घ्यायचा तपासनिसाला अधिकार असतो. मी पणतीसमोर उभी राहिले तर मागून कोणीतरी कुजबुजलं, "रसिका इली, आता लाल बघा." माझ्या साखरपुड्याला त्यातले अर्धे हजर होते.

मी डोळे मिटले आणि आबांचा सूर लावला. बाईनं गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, मानकरी चुळबुळले. मी थांबले नाही.

"बा देवा रवळनाथा, यंदा सूर्य पश्चिमेक उगवलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. विचार करायला त्यांना वेळच मिळाला नाही.

"ह्या रसिकाक सात पोरगे झाले रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी दिगूभाऊन उभ्या जल्मात खोटा म्हणून बोलूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय..." इथं मात्र आवाज निम्म्यावर आला आणि मागच्या रांगेतून खसखस पिकली. मी डोळे उघडले. पणती हिरवीगार होती.

मग मी साध्या बोलण्यात सगळं सांगितलं. जत्रेतले नमुने, सूर, यंत्राचं शिकणं. "ह्येका सूर कळता, मन कळत नाय," मी म्हणाले. आपण लोकांना पटवू शकू ह्याची मला खात्री नव्हती. पणती लाल झाली.

दिगूभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त हसून पणतीकडे हात केला. "बघलास मां? जेव्हा देवाचा नाव घेतल्यान तेव्हा हिरवी, आनी पणतीवर आळ घेतल्यान तशी लाल. देवाच्या गाऱ्हाण्याक यंत्र पण मान देता. आणखी काय पुरावो होयो?"

आणि लोकांच्या माना हलायला लागल्या. मी बघत राहिले. आताच ह्या माणसांनी सूर्य पश्चिमेला उगवल्याचं कबूल केलं होतं, आणि ते सूर्यावर संशय घ्यायला तयार होते, पण पणतीवर नाही. मला रडूच आलं. झरा गेला, असं मी मनाशी म्हटलं.

सरपंच म्हणाले, "मग हात वर..."

"थांबा," आबा म्हणाले. ते खांबाला धरून उठले आणि पणतीसमोर येऊन उभे राहिले. ते कोणाच्या बाजूनं बोलतील ते मला माहीत नव्हतं. आणि जे काही बोलतील ते हिरवंच दिसणार होतं, कारण सूर त्यांचाच होता.

"आबा," मी विचारलं, "झरो टिकतलो?"

सगळ्या गावाचे ओठ तयार होते. आबा सूर लावणार आणि आपण "व्हय" म्हणणार, हे त्या मंडपातल्या दगडांनाही पाठ होतं. आबांनी छाती भरून श्वास घेतला. मग तो सोडून दिला.

"माका म्हायत नाय," ते म्हणाले. सूर नाही, ठेका नाही. फणसाचे गरे काढताना बोलतात तसं.

पणती हिरवी झाली.

ह्या वाक्याला "व्हय म्हाराजा" कसं म्हणायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पणत्या तपासते, पण एकाही सभेत, एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. माझ्यासुद्धा तोंडून नाही. साखरपुड्यात एवढंच म्हटलं असतं तर पणती हिरवी झाली असती.

आबा दिगूभाऊंकडे वळले. "दिगू, तुका म्हायत आसा?"

दिगूभाऊंनी हात जोडले. "बा देवा रवळ..."

"गाऱ्हाना नको रे," पुढच्या रांगेतल्या सुंदराकाकी म्हणाल्या. सगळ्या गावात झऱ्यावर सर्वांत जास्त हंडे त्यांनीच वाहिले असतील. "तो सरळ बोललो, तू पण सरळ बोल."

दिगूभाऊंनी तोंड उघडलं, पणतीकडे बघितलं आणि मिटलं. कंपनीच्या माणसानं बाटलीचं झाकण लावलं. सुंदराकाकी आजूबाजूला बघून म्हणाल्या, "आबाक म्हायत नाय, ह्येका म्हायत नाय, मग पाणी देवचा कोणाच्या भरवशावर?" सरपंचांनी दोनदा विचारलं, पण हात वर झाले नाहीत. आधी सड्यातल्या पाण्याची तपासणी, मग काय ते बोलू, असं ठरून सभा उठली.

दुपारी मंडपात आम्ही दोघंच उरलो. आबा देवासमोरची फुलं गोळा करत होते. मी पणती बॅगेत भरायला घेतली आणि हात थांबला. आज माझ्या बापानं गाव वाचवलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. पण माझा स्वभाव!

"आबा, एक इचारू? दिगूभाऊ सूर शिकूक येय होतो, तो कित्याक, ता तुमका म्हायत होता?"

आबांनी वर बघितलं. नव्या तांब्याच्या पत्र्यावर वारा वाजत होता. "पणती पेटती आसा?"

"आसा."

सभेत त्यांनी जसं सांगितलं तसं, साध्या शब्दांत, आता मला सांगावं एवढंच मला हवं होतं. हो म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी फुलांची परडी खाली ठेवली, डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा," त्यांनी सूर लावला, "ह्या म्हाताऱ्याक त्यातला काय एक म्हायत नव्हता रे म्हाराजा!"

पणती हिरवी झाली.

आणि मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."